डॅलसचे एक्स्चेंज आणि कापसावरची उचल: टेक्सासमधील एक प्रकरण (१८७७–१८९६)

शनिवार, ९ जून १८८८. टेक्सास राज्यातल्या जवळपास दोनशे काउंटींच्या (म्हणजे जिल्ह्यांच्या) कोर्टांपुढे त्या दिवशी शेतकरी गोळा झाले. कापसाच्या खुरपणीचे दिवस होते, रान सोडून दिवस मोडणे कुणालाच परवडणारे नव्हते, तरी माणसे आली. हा मोर्चा नव्हता आणि निवडणुकीची सभाही नव्हती. डॅलस शहरात शेतकऱ्यांनी स्वतः उभी केलेली ‘एक्स्चेंज’ नावाची खरेदी-विक्रीची पेढी बुडायला आली होती. ती वाचवायला कोण किती पैसे देतो, एवढाच प्रश्न होता. लोकांनी आकडे पुकारले. पुकारलेले आकडे मोठे होते, पण पुढे हातात पडलेली रक्कम त्यांच्या जवळपासही नव्हती. वर्षभरात पेढी बंद पडली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत झालेल्या शेतकरी चळवळीची गोष्ट सहसा पुढच्या टोकाकडून सांगतात: १८९२ सालचा पीपल्स पार्टी हा तिसरा पक्ष, १८९६ सालचे अध्यक्षपदाचे उमेदवार विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांचे गाजलेले भाषण, मग पराभव. मला मात्र या प्रकरणाची किल्ली डॅलसच्या त्या पेढीत सापडते. चळवळीची सर्वांत धाडसी मागणी तिथल्या अपयशातून निघाली, आणि ती मागणी बाजूला पडली तेव्हा चळवळही संपली. शिवाय ती मागणी ज्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती अशी माणसे त्याच शेतांत राबत होती. त्यांचीही गोष्ट या प्रकरणात येते.

उधारीची वही

यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले तेव्हा दक्षिणेकडच्या राज्यांत गुलामगिरी गेली आणि तिच्याबरोबर जुनी पतव्यवस्थाही गेली. बँका फारच थोड्या उरल्या. ज्या नव्या राष्ट्रीय बँका कायद्याने निघाल्या त्यांना जमीन गहाण घेऊन कर्ज देण्याची मनाई होती. शेतकऱ्याकडे जमीन असली तर पैसा नव्हता आणि अनेकांकडे जमीनही नव्हती. ही पोकळी गावच्या दुकानदाराने भरली. पेरणीच्या आधी शेतकरी त्याच्याकडे जाई. बियाणे, नांगराचा फाळ, मक्याचे पीठ, मीठ लावलेले डुकराचे मांस, काकवी, कापड असे सगळे उधारीवर मिळे. तारण म्हणून न उगवलेले पीक लिहून द्यायचे.

दुकानात मालाला दोन भाव असत, एक रोखीचा आणि एक उधारीचा. उधारीचा भाव चांगलाच चढा, आणि त्यावर व्याज वेगळे. उधारीच्या भावातली वाढ आणि व्याज मिळून वर्षाचा दर अनेकदा ५० टक्क्यांच्या पलीकडे जाई. आपल्याकडची वाढीदिढी ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा हिशेब समजावून सांगायला नको. वही दुकानदाराच्या हातची. शरद ऋतूत कापूस वेचून, सरकी काढून गाठी दुकानदाराच्या दारात नेल्या की तो त्या दिवसाचा भाव सांगे, खाते वळते करून घेई आणि बाकी पुढच्या सालावर ओढे. एकदा पीक एकाकडे लागले की दुसरा कोणी दारात उभे करत नसे. त्यातून सुटका होणे अवघडच होते.

दुकानदार कापूसच लावायला सांगे, कारण कापूस सडत नाही, कुणी खात नाही आणि कधीही विकला जातो. त्यामुळे मका पिकवू शकणाऱ्या रानात कापूस उभा राही आणि त्याच घरातला शेतकरी उधारीच्या भावाने मक्याचे पीठ विकत आणी. कापूस वाढला की भाव आणखी उतरे. मात्र या दुकानदाराला खलनायक ठरवून मोकळे होण्यात अर्थ नाही. तोही शहरातल्या घाऊक व्यापाऱ्याकडून महाग पैशावर माल उचले, आणि तो व्यापारी न्यूयॉर्ककडे तोंड करून बसलेला असे. चळवळीतल्या शहाण्या माणसांना हे लवकर समजले, म्हणूनच ही गोष्ट दुकाने फोडण्यापाशी थांबली नाही.

१८७० ते १८७३ या काळात कापसाला पौंडाला सरासरी १५ सेंट मिळत. १८९४ ते १८९७ मध्ये सरासरी ६ सेंटांच्याही खाली आली होती. ५०० पौंडांची एक गाठ धरली तर ७५ डॉलरची गाठ २९ डॉलरवर आली. ज्याने ३०० डॉलरचे कर्ज चार गाठींच्या हिशेबाने घेतले होते त्याला ते फेडायला आता दहाहून जास्त गाठी लागत. गव्हाची घसरणही याच जातीची: बुशेलला (हे धान्याचे तिकडचे माप) एक डॉलरच्या वर असलेला भाव सुमारे ६३ सेंटांवर आला.

यावर अर्थशास्त्रज्ञांचा एक जुना आक्षेप आहे आणि तो टाकाऊ नाही. भाव फक्त शेतमालाचेच पडले नव्हते. कापड, अवजारे, रेल्वेचे भाडे, सगळेच स्वस्त होत होते, मग शेतकरी खरोखर किती नागवला गेला? माझे उत्तर असे की बाकी सगळे स्वस्त झाले तरी कर्जाचा आकडा स्वस्त होत नाही. आणि ज्याला कधीच रोखीच्या भावाने खरेदी करता येत नाही, त्याला रोखीचे भाव उतरल्याचा फायदा मिळतच नाही.

भाव पडण्यामागे जास्त उत्पादन होते, तसेच चलनही होते. युद्धकाळात सरकारने छापलेल्या हिरव्या नोटा, म्हणजे ग्रीनबॅक, पुढे आवरत्या घेतल्या गेल्या. १८७३ च्या नाणे कायद्याने चांदीचा डॉलर वगळला आणि १८७९ पासून नोटा सोन्यात बदलून मिळू लागल्या. माणसे वाढत होती, माल वाढत होता, पण पैसा त्या मानाने वाढत नव्हता. त्यात दरसाल सुगीला खास टंचाई येई. सगळा देश एकाच दोन-तीन महिन्यांत माल विकायला काढी, तेव्हा रोकड पुरत नसे आणि भाव तळाला जाई. हे हंगामी दुखणे लक्षात ठेवावे, कारण पुढची सगळी योजना त्यावरच बेतलेली आहे.

याच कापसाने आपल्याकडचाही इतिहास हलवला होता. १८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकेचा कापूस अडकला तेव्हा मुंबई इलाख्यात आणि वऱ्हाडात कापसाला सोन्याचे दिवस आले, मुंबईत शेअरचा सट्टा पेटला आणि युद्ध संपताच सगळे कोसळले. ज्या सुप्यात १२ मे १८७५ रोजी दख्खनच्या दंग्यांची सुरुवात झाली तो काही कापसाचा मुलूख नव्हे. पण तेजीत सैल झालेली पत, तेजीचे दर धरून वाढवलेला सारा आणि मग आखडलेले सावकार या साखळीचे एक टोक तिकडच्या युद्धात होते. पुणे-नगरच्या शेतकऱ्यांनी सावकाराचे कर्जरोखे जाळले. टेक्सासच्या शेतकऱ्यांनी उलट केले, स्वतःचेच रोखे लिहून बाजारात नेले.

लॅम्पाससहून क्लीबर्नला

ज्या संघटनेने ही पेढी काढली त्या फार्मर्स अलायन्सचा उगम १८७७ मधला, टेक्सासच्या लॅम्पासस काउंटीतला. सुरुवातीला गुरांची चोरी, कुंपणांची भांडणे असले स्थानिक विषय होते. १८८३ मध्ये एस. ओ. डॉज या माणसाला फिरता व्याख्याता नेमले आणि संघटनेत जीव आला. हे व्याख्याते गावोगाव फिरून शाखा काढत. शाखेची सभा म्हणजे प्रार्थना, गाणी, जेवण आणि मग खत किती डॉलरला पडले, गाठीला काय मिळाले, याचा उघड हिशेब. दुकानदाराच्या वहीतला आकडा शेजाऱ्यालाही कळला की माणसे विचार करू लागतात. स्त्रियाही सभासद होत्या आणि बोलत होत्या. कृष्णवर्णीयांना मात्र प्रवेश नव्हता.

१८८६ मध्ये रेल्वेसम्राट जे गूल्ड यांच्या मार्गांवर कामगारांचा मोठा संप झाला. माँटेग्यू काउंटीचा विल्यम लॅम्ब आणि त्याच्यासारख्या कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना संपकऱ्यांच्या बाजूने उभे केले. त्याच ऑगस्टमध्ये क्लीबर्न गावच्या अधिवेशनात मागण्यांची एक जंत्री मंजूर झाली. कामगार संघटनांना मान्यता, रेल्वेवर रास्त कर, परकी भांडवलदारांच्या जमिनींना लगाम, आणि सरकारने थेट काढलेले पुरेसे चलन, असे तिचे स्वरूप होते. हे राजकारण आहे म्हणून जुन्या मंडळींनी काढता पाय घेतला. संघटना फुटणार असे दिसू लागले.

तेव्हा पुढे आला चार्ल्स मॅक्यून. मायलॅम काउंटीतला, वैद्यकी आणि वकिली दोन्ही करून पाहिलेला, हिशेबात मुरलेला माणूस. जानेवारी १८८७ मध्ये वेको येथे त्याने दोन्ही गटांपुढे एक तिसरीच गोष्ट ठेवली: संघटना राज्याबाहेर न्यायची आणि तिच्या हातात व्यवहार द्यायचा. सगळ्या राज्याचा कापूस एकत्र विकायचा आणि सगळ्या राज्याची खरेदी एकत्र करायची. भांडण मिटले. राजकारण टाळण्याची ही युक्ती होती असे तेव्हा अनेकांना वाटले, आणि मॅक्यूनलाही कदाचित तसेच वाटत असावे.

पेढी कशी चालली आणि कशी बुडाली

एक्स्चेंज १८८७ मध्ये डॅलसला सुरू झाले. विक्रीची बाजू सुरेख होती. गावोगाव गाठींतून नमुने काढून, चिठ्ठी लावून डॅलसला पाठवायचे. नमुने पाहून मोठा खरेदीदार एकदम सौदा करी, आणि माल जागेवरून थेट रवाना होई. कापूस युरोपातल्या खरेदीदारांनाही याच पद्धतीने गेला. मधले दलाल वगळले गेले. नांगर, गाड्या, खत यांच्या घाऊक खरेदीतही शेतकऱ्यांची चांगली बचत झाली.

पण घाऊक खरेदीला रोकड लागते. ज्याला एक्स्चेंजची सर्वांत जास्त गरज होती तो उधारीत अडकलेला शेतकरीच तिथे खरेदी करू शकत नव्हता. ही गोष्ट मॅक्यूनच्या लक्षात आली आणि त्याने सामाईक वचनचिठ्ठीची योजना काढली. शाखेतल्या प्रत्येकाने वर्षाला काय काय लागेल ते लिहायचे आणि त्या रकमेच्या कित्येक पट किमतीचे पीक तारण द्यायचे. मग ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांनी ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासकट सगळ्यांची जबाबदारी घेऊन एका कागदावर सह्या करायच्या. असे कागद डॅलसला जमतील, ते बँकेत ठेवून एक्स्चेंज कर्ज उचलेल, माल पाठवील आणि सुगीला वसुली करील.

मला या प्रकरणात सर्वांत थोर वाटते ती ही सही. चार एकरांचा मालक आपली जमीन शेजारच्या वाटेकऱ्यासाठी अडकवतो, आणि तेही हजारो ठिकाणी. कुठल्याही जाहीरनाम्यापेक्षा हा कागद जास्त बोलतो.

१८८८ च्या वसंतात मॅक्यून हे कागद घेऊन डॅलस, ह्यूस्टन, फोर्ट वर्थ, गॅल्व्हेस्टन आणि न्यू ऑर्लीन्सच्या बँकांकडे गेला. जवळपास सगळीकडे नकार मिळाला. माल तर आधीच मागवलेला होता, घेणेकरी दारात उभे राहू लागले आणि मग ती जूनची सभा झाली.

बँकांनी नकार का दिला, यावर दोन मते संभवतात. चळवळीतल्या लोकांची खात्री होती की घाऊक व्यापारी आणि बँकवाले आतून मिळालेले आहेत आणि त्यांना ही पेढी मारायचीच आहे. दुसरीकडे, बँकेच्या खुर्चीत बसून पाहिले तर कागद कच्चा होता. न उगवलेले पीक, पडता भाव, आणि पेढीचे स्वतःचे भांडवल तुटपुंजे. योजना अशी होती की सभासदामागे २ डॉलर, म्हणजे अडीच लाख सभासदांचे ५ लाख डॉलर जमावेत. प्रत्यक्षात त्याचा अगदी थोडा भाग हाती आला आणि तेवढ्यावर चार मजली इमारतही उभी करायला घेतली. ही चूक मॅक्यूनची, आणि ती मोठी होती. पण भांडवल का जमले नाही याचे उत्तर पुन्हा त्याच वहीत आहे. ज्यांच्या हातात वर्षभर नाणे पडत नाही त्यांच्याकडून २ डॉलर रोख मागायचे तरी कसे? सहकाराने कर्जबाजारीपणा फोडायचा होता, आणि सहकारच कर्जबाजारी लोकांच्या शिलकीवर उभा होता. १८८९ मध्ये एक्स्चेंज बंद झाले.

एक लढाई मात्र जिंकली

याच सुमारास कापसाच्या गाठींना लागणाऱ्या ज्यूटच्या बारदानाचा प्रश्न पेटला. बारदानवाल्या कारखान्यांनी संगनमत करून १८८८ मध्ये यार्डाचा भाव ७ सेंटांवरून ११ च्याही पुढे नेला. हा ताग मुळात बंगालचा. अलायन्सने ज्यूटवर बहिष्कार घातला आणि गाठी कापसाच्याच जाड कापडात बांधायला सुरुवात केली. अटलांटाच्या प्रदर्शनात तर या बारदानी कापडाचे पोशाख घालून लग्ने लागली. थोड्याच काळात कारखान्यांचा हा गट, म्हणजे ‘ट्रस्ट’, नमला. त्या विजयाचा आनंद समजण्यासारखा आहे, पण त्यामागचे कारणही पाहिले पाहिजे. बारदानाला पर्याय शेतकऱ्याच्या रानातच उगवत होता. पैशाला तसा पर्याय नव्हता.

सब-ट्रेझरी

डिसेंबर १८८९ मध्ये सेंट लुई येथील अधिवेशनात मॅक्यूनने आपला धडा मांडला. खासगी बँक शेतकऱ्याच्या मालावर पैसे देत नसेल तर सरकारने द्यावेत. ज्या काउंटीतून वर्षाला ५ लाख डॉलरपेक्षा जास्त शेतमाल विकला जातो तिथे सरकारने गोदाम आणि त्याला जोडून खजिन्याची शाखा, म्हणजे सब-ट्रेझरी, काढावी. शेतकऱ्याने कापूस, गहू, मका, तांदूळ, तंबाखू, लोकर असा टिकाऊ माल तिथे ठेवावा. चालू बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत त्याला नव्या सरकारी नोटा १ टक्का व्याजाने मिळाव्यात. साठवण आणि विमा यांचा किरकोळ खर्च वेगळा. वर्षाच्या आत, भाव पाहून, त्याने माल सोडवून विकावा किंवा ठेव-पावतीच विकून टाकावी.

हिशेब करून पाहू. नोव्हेंबरात भाव ८ सेंट असेल तर ५०० पौंडांची गाठ ४० डॉलरची. तिच्यावर ३२ डॉलर उचल मिळेल, आणि सहा महिन्यांचे व्याज १६ सेंट होईल. दुकानदाराकडे एवढ्या उचलीवर डॉलरांत मोजावे लागणारे व्याज इथे सेंटांत मोजायचे. पण स्वस्त व्याज हा या योजनेतला लहान भाग आहे. मोठा भाग असा की सुगीच्या वेळी, जिथे माल आहे तिथेच, मालाच्या प्रमाणात नवा पैसा निर्माण होतो आणि माल विकला गेला की तो पैसा आपोआप परत जाऊन रद्द होतो. हंगामी टंचाईचे औषध हंगामीच. एका अर्थाने डॅलसच्या सामाईक वचनचिठ्ठीचीच ही सुधारलेली आवृत्ती होती. न उगवलेल्या पिकाऐवजी गोदामातला माल तारण, आणि शेजाऱ्याच्या सहीच्या जागी सरकार.

पूर्वेकडच्या वर्तमानपत्रांनी याची यथेच्छ टर उडवली. टीकेतला खोडसाळपणा सोडला तरी दोन शंका उरतात. सगळ्यांनीच माल मे महिन्यापर्यंत धरून ठेवला तर मेमध्ये सुगी होणार नाही का? आणि भाव जर इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या बाजारात ठरतो, तर टेक्सासच्या गोदामाने काय होणार? मला वाटते कापसाच्या बाबतीत योजना बऱ्यापैकी चालली असती, कारण जगाच्या बाजारातला बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतूनच येत होता. गव्हाचे तसे नव्हते. रशिया, हिंदुस्थान, पुढे अर्जेंटिना स्पर्धेत होते. कॅन्ससच्या गहू शेतकऱ्याला या योजनेचे कौतुक बेताचेच होते यात नवल नाही. त्याचे दुखणे होते १८८७ पासूनचा दुष्काळ, तेजीत घेतलेले जमिनीवरचे गहाण आणि रेल्वेचे भाडे. मॅक्यूनने मागाहून जमिनीवरच्या कर्जाचे कलम जोडले ते या लोकांना बरोबर घेण्यासाठी.

पण दोन्हीकडचा शेतकरी एका निष्कर्षाला आला. ही गोष्ट वॉशिंग्टनमध्ये कायदा झाल्याशिवाय होणार नाही, आणि दोन्ही जुने पक्ष तो कायदा करणार नाहीत. राजकारण टाळण्यासाठी काढलेली पेढी अशी राजकारणाच्या दारात येऊन उभी राहिली.

वेचणारे

योजनेचा लाभ घ्यायला गोदामात ठेवण्याजोगी स्वतःची गाठ लागते. वाटेकऱ्याच्या वाट्याला येणारी गाठ आधीच लिहून दिलेली असे, आणि रोजंदारीवर वेचणी करणाऱ्याकडे गाठच नव्हती. यांतले खूपजण कृष्णवर्णीय होते. त्यांची वेगळी संघटना, कलर्ड फार्मर्स अलायन्स, १८८६ मध्ये टेक्सासच्याच ह्यूस्टन काउंटीत निघाली होती. तिने बारा लाख सभासदांचा दावा केला होता, आकडा फुगवलेला असला तरी संघटना खरी होती. तिचे अधीक्षक आर. एम. हंफ्री नावाचे गोरे बाप्टिस्ट धर्मोपदेशक होते.

सप्टेंबर १८९१ मध्ये हंफ्री यांनी वेचणी मजुरांच्या संपाची हाक दिली: शंभर पौंड वेचणीला १ डॉलर. चालू दर ५० सेंटांच्या आसपास होता. गोऱ्या अलायन्सचे राष्ट्रीय अध्यक्ष लिओनिडास पोक यांनी विरोध केला. त्यांच्या वर्तमानपत्राने सल्ला दिला की ५० सेंटांपेक्षा जास्त देण्यापेक्षा कापूस शेतात राहू द्यावा. संप बहुतेक ठिकाणी उभाच राहिला नाही. आर्कान्सा राज्यातल्या ली काउंटीत बेन पॅटरसन या तरुणाने मजुरांना एकत्र करून तो पुकारला. शेरीफच्या हाताखाली जमलेल्या सशस्त्र टोळ्यांनी संपकऱ्यांचा पाठलाग केला आणि पॅटरसनसह सुमारे पंधरा कृष्णवर्णीय माणसे मारली गेली. त्यांतल्या नऊ जणांना पकडल्यानंतर फासावर लटकवले होते.

या प्रसंगाला पुष्कळ वर्णनांत तळटीपेची जागा मिळते. मला तो मधोमध ठेवावासा वाटतो. ज्या संघटनेत मालकाने वाटेकऱ्यासाठी आपली जमीन अडकवली, तिच्याच नेत्याला वेचणाऱ्याचे ५० सेंट जड झाले. फरक वर्णाचा होता आणि हिताचाही. गाठीच्या भावावर जगणारा आणि वेचणीच्या मजुरीवर जगणारा यांचा शत्रू नेहमी एकच असतो असे नाही. पुढे टेक्सासच्या पीपल्स पार्टीत जॉन रेनर यांच्यासारखे कृष्णवर्णीय वक्ते दिसतात, जॉर्जियात टॉम वॉटसन गोऱ्या-काळ्या शेतकऱ्यांना एकाच मंचावरून साद घालतात. ते खरे होते आणि त्या काळात त्याला धाडस लागत होते. पण त्या मंचावर वेचणीच्या दराचा विषय कुणी काढत नव्हते.

ओमाहा आणि चांदी

पक्षाची कहाणी बरीच परिचित आहे, ती थोडक्यात सांगतो. कॅन्ससने १८९० मध्येच मैदान मारले. मेरी एलिझाबेथ लीस यांची भाषणे, जेरी सिम्पसन यांची काँग्रेसवर निवड आणि विल्यम पेफर सिनेटवर, ही त्या निवडणुकीची कमाई. ४ जुलै १८९२ रोजी नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात पीपल्स पार्टीचा जाहीरनामा मंजूर झाला. त्याची प्रस्तावना मिनेसोटाच्या इग्नेशियस डॉनेली यांची. रेल्वे, तार आणि टेलिफोन सरकारच्या मालकीचे करावेत, उत्पन्नावर चढता कर बसवावा, टपाल खात्याने बचत बँका काढाव्यात, सोन्याच्या १६ पट वजनाला चांदी धरून तिची अनिर्बंध नाणी पाडावीत आणि सब-ट्रेझरी किंवा तिच्याहून चांगली योजना आणावी, या त्यातल्या मागण्या. पोक उमेदवार होणार असे दिसत होते, पण जूनमध्येच ते वारले. जेम्स वीव्हर उभे राहिले आणि त्यांना दहा लाखांहून जास्त मते व २२ निर्वाचक मते (अध्यक्ष ठरवणारी, राज्यांना वाटून दिलेली मते) मिळाली. दक्षिणेत धमक्या आणि मतपेट्यांतली अफरातफर यांनी पक्षाचा मार्ग अडवला. मॅक्यून स्वतः तिसऱ्या पक्षाबाबत कायम कचरत राहिला, आणि ज्यांच्यासाठी त्याने योजना आखली त्यांचाच विश्वास गमावून १८९२ च्या अखेरीस बाजूला झाला. पुढे तो मेथॉडिस्ट धर्मोपदेशक झाला.

१८९३ मध्ये मंदी आली. त्याच वर्षी २६ जूनला हिंदुस्थान सरकारने आपल्या टाकसाळी चांदीसाठी बंद केल्या. मुंबईच्या टाकसाळीत कुणीही चांदी नेऊन रुपये पाडून घ्यावेत ही जुनी सोय संपली. याचा धक्का अमेरिकेतल्या चांदीच्या खाणींना लगेच बसला, आणि काही दिवसांतच अध्यक्ष क्लीव्हलँड यांनी सरकारची चांदी खरेदी थांबवण्यासाठी काँग्रेसचे खास अधिवेशन बोलावले. चांदीवाल्यांचा एक आवडता युक्तिवादही हिंदुस्थानशी जोडलेला होता: रुपया घसरला की हिंदी गहू लिव्हरपूलला स्वस्त पडतो आणि अमेरिकन शेतकरी मरतो.

मग सगळे बोलणे चांदीवर आले. खाणमालकांचा पैसा प्रचारात ओतला गेला, घोषणा सोपी होती आणि पक्षातल्या व्यवहारी मंडळींना सत्ता जवळ दिसू लागली. ९ जुलै १८९६ रोजी शिकागोत ब्रायन यांनी माणसाला सोन्याच्या क्रूसावर चढवू नका असे सांगणारे आपले भाषण केले, डेमोक्रॅटिक पक्षाने चांदी उचलली, आणि दोन आठवड्यांनी सेंट लुईला पीपल्स पार्टीनेही ब्रायन यांनाच उमेदवार केले. उपाध्यक्षपदासाठी मात्र आपले टॉम वॉटसन दिले. टेक्सासचे प्रतिनिधी शेवटपर्यंत विरोधात होते.

टेक्सासवाल्यांचे बरोबर होते असे माझे मत आहे. चांदीची नाणी पाडल्याने चलन वाढले असते, भावही थोडे चढले असते. पण ती चांदी खाणीतून टाकसाळीत, टाकसाळीतून बँकेत आणि बँकेतून त्याच घाऊक व्यापाऱ्याकडे गेली असती. शेतकऱ्याच्या गोदामापर्यंत ती कोणत्या वाटेने येणार, याचे उत्तर ब्रायन यांच्याकडे नव्हते. मॅक्यूनकडे होते. नोव्हेंबरात रिपब्लिकन पक्षाचे मॅकिन्ली २७१ विरुद्ध १७६ निर्वाचक मतांनी निवडून आले. दक्षिण आफ्रिका आणि कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्याने चलन वाढले, भाव सावरले, आणि पक्ष विरून गेला. दक्षिणेतल्या राज्यांनी मतदानावर कर बसवून आणि इतर अटी घालून कृष्णवर्णीयांना, आणि त्यांच्याबरोबर पुष्कळ गरीब गोऱ्यांनाही, मतदार याद्यांतून बाहेर काढले. टेक्सासने हा कर १९०२ मध्ये आणला. तोच वॉटसन पुढे उघड वर्णद्वेषी झाला.

मागण्या मात्र एकेक करून दुसऱ्यांच्या हातून आल्या: १९१३ मध्ये प्राप्तिकर आणि सिनेटची थेट निवडणूक, १९१६ मध्ये शेतजमिनीवर कर्ज देणाऱ्या संस्था आणि गोदामांचा कायदा. १९३३ मध्ये निघालेल्या कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने गोदामातल्या कापसावर उचल द्यायला सुरुवात केली. मॅक्यून तेव्हा हयात होता, तो १९४० मध्ये वारला. त्याच्या योजनेतली एक उणीवही तशीच उतरली. सरकारी पैसा जमीनमालकाच्या नावाने येई आणि पेरा कमी करण्यासाठी वाटेकऱ्यांना रानातून काढले जाई. १९३४ मध्ये आर्कान्सातल्या टायरॉन्झा गावात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय वाटेकऱ्यांनी मिळून सदर्न टेनंट फार्मर्स युनियन स्थापन केली. पुढच्या वर्षी तिने कापूस वेचणाऱ्यांचा संप पुकारला. मागणी होती शंभर पौंडांना १ डॉलर.